काकांचा स्पेक्ट्रम उघडला, आत तारा जोडलेल्या आहेत - काढू की राहू देऊ?

तांब्याची_तार
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. गेल्या महिन्यात नाशिकला काकूकडे गेले होते, जुनं घर रिकामं करायचं चाललंय, तर माळ्यावरून एक खोका निघाला आणि आत जुन्या सुती साडीत गुंडाळलेला झेडएक्स स्पेक्ट्रम, सिंक्लेअरचा जुना घरगुती कॉम्प्युटर, तोच काळा, राखाडी रबरी बटणांचा. काका तेव्हा इंग्लंडात नोकरीला होते, १९८६ ला परत आले तेव्हा घेऊन आले. त्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं त्याच्याभोवती बसायचो. टीव्हीला थेट लागत नव्हता, काकांनी तो व्हीसीआरला जोडला होता आणि व्हीसीआर टीव्हीला, एवढं पक्कं आठवतंय. काका चार वर्षांपूर्वी गेले, त्यामुळे विचारायला कुणी नाही.

खालचे स्क्रू काढून उघडला. बोर्डावर इश्यू टू (म्हणजे बोर्डाची दुसरी आवृत्ती) लिहिलंय. पण आत मला चार गोष्टी दिसल्या ज्या नेटवरच्या फोटोंशी जुळत नाहीत. झेड-८० च्या डोक्यावर एक ट्रान्झिस्टर आहे, त्याचे पाय सरळ प्रोसेसरच्या पायांना सोल्डर केलेत. मग त्या चंदेरी डबीतून एक तार निघून मागे एका आरसीए सॉकेटला गेलीय, ते सॉकेट एम-सीलने बसवलंय. उजव्या बाजूला भोक पाडून एक छोटं लाल पुश बटण. आणि एका कोपऱ्यातल्या बारा आयसी सॉकेटमध्ये आहेत, बाजूच्या मात्र थेट बोर्डाला सोल्डर. मला इलेक्ट्रॉनिक्स थोडं येतं, डिप्लोमा केलाय, पण हात बसलेला नाही. हे सगळं काढून मशीन मूळ स्थितीत आणावं का? आणि ते चालू करून बघितलं तर काही जळेल का?

आठबिट
चालू करू नका!! आधी अडॅप्टर बघा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात पण पिनच्या आतल्या बाजूला मायनस असतो, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये आत प्लस असतो. घरातला कुठलाही लावलात तर संपलं. जुना अडॅप्टर असेल तर मल्टिमीटर लावा, काही न जोडता १२-१३ दाखवला तर घाबरू नका, तो रेग्युलेटेड नसतो, लोड आला की खाली येतो.

जुना_खिळा
तार ताई, खोका उघडून आधी इथे विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण लोक उत्साहाने आधी चालू करतात आणि मग विचारतात.

एकेक बघू. झेड-८० वरचा ट्रान्झिस्टर काकांनी लावलेला नाही. तो कारखान्यातून आलाय, त्याला अजिबात हात लावू नका. इश्यू टूच्या खूप बोर्डांवर तो असतो. स्पेक्ट्रममध्ये यूएलए नावाची फेरांटीने बनवलेली एक चिप आहे, चित्र, कीबोर्ड, कॅसेट, आवाज सगळं तीच बघते, आणि सुरुवातीच्या यूएलएमध्ये डिझाइनची एक चूक राहिली होती ती भागवायला हा ट्रान्झिस्टर प्रोसेसरवर बसवून मशीन बाहेर पाठवली. पाय पसरलेले म्हणून तिकडचे लोक त्याला कोळी म्हणतात. काढलात तर मशीन मूळ स्थितीत येणार नाही, बिघडेल.

उरलेलं तिन्ही काकांचं काम दिसतंय, किंवा त्यांनी करून घेतलेलं. बारा आयसी सॉकेटमध्ये आहेत म्हणजे हे मशीन १६के (१६ किलोबाइट मेमरीचं) म्हणून विकत घेतलं होतं आणि नंतर किट आणून ४८के केलं. १९८२ च्या एप्रिलमध्ये हा बाजारात आला तेव्हा १६के १२५ पौंडांना आणि ४८के १७५ पौंडांना होता, मग बरेच जण स्वस्त घ्यायचे आणि पैसे साठले की किट बसवायचे. आठ मेमरी चिप, दोन ७४एलएस१५७, एक ७४एलएस००, एक ७४एलएस३२, मोजून बारा. बघा जुळतंय का.

लाल बटण म्हणजे रिसेट. रबरी बटणांच्या मॉडेलला रिसेट नव्हताच, ते १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसमध्ये आलं, तोवर मशीन अडकलं की पॉवरची वायर उपटायची. रिसेटची लाइन क्षणभर ग्राउंडला टेकवायची एवढंच ते काम, पण दर वेळी वायर उपटून पॉवर सॉकेट सैल होतं आणि पॉवरला झटके बसतात ते वाचतं. म्हणजे काकांनी मशीनचं आयुष्य वाढवलंय.

आणि ती तार. चंदेरी डबी म्हणजे मॉड्युलेटर, तो चित्र यूएचएफच्या ३६ नंबर चॅनेलवर पाठवतो. आपल्याकडे तेव्हा दूरदर्शन व्हीएचएफवर आणि घरोघरच्या कितीतरी टीव्हींना यूएचएफ लागायचंच नाही. म्हणून डबीत शिरण्याआधीचा सरळ व्हिडिओ सिग्नल काढून व्हीसीआरच्या व्हिडिओ-इनला दिला आणि व्हीसीआरने तो टीव्हीला समजेल अशा चॅनेलवर दिला. तुमची आठवण अगदी बरोबर आहे. आज जगभर लोक हेच कंपोझिट मॉड (बदल) करतात.

तांब्याची_तार
मोजले, बाराच आहेत आणि नंबर तेच!! मला वाचून भरून आलं खरं सांगते, काका बँकेत होते, त्यांनी सोल्डरिंग केलं असेल असं घरात कुणाला माहीतच नाही.

चिमटा
वेगळं मत मांडतो. भावना समजतात, पण इश्यू टू बोर्ड आता रोज सापडत नाही. केसला पाडलेलं भोक, एम-सील, ही हानी आहे. ट्रान्झिस्टर ठेवा, तो मूळचा आहे. पण तार आणि बटण नीट काढून, पॅड साफ करून, मॉड्युलेटर जसा होता तसा करावा असं मला वाटतं. पुढच्या माणसाला मशीन बघायचं असेल तर ते १९८२ चं दिसायला हवं. आपण ज्या काळात जुन्या वस्तू जपायला लागलोय त्या काळात निदान आपण तरी नवीन भोकं पाडू नयेत. चित्र हवं असेल तर उलटता येईल असं काम करा, ट्रॅक कापू नका, केस कापू नका.

लेस्टरकर
चिमटा, नवीन भोक पाडू नये याला माझंही अनुमोदन, मी कधीच पाडत नाही. पण १९८२ चं मूळ रूप म्हणजे काय हा प्रश्न मला इथे आल्यापासून पडलाय. माझ्याकडे इश्यू वन आहे, त्यात यूएलएपाशी एक ७४एलएस०० चिप उलटी, पाय वर करून चिकटवलीय आणि पायांना तारा जोडल्यात. मेलेल्या झुरळासारखी दिसते म्हणून इकडे तिला मेलेलं झुरळच म्हणतात. ते विकायच्या आधीच बसवलेलं आहे! म्हणजे पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात गेलेलं मशीन हाताने तारा जोडून दुरुस्त केलेलं होतं. इश्यू वनचा ४८के तर मेमरीसाठी वेगळा छोटा बोर्ड वर बसवून व्हायचा.

आणि हे फक्त स्पेक्ट्रमचं नाही. टीआरएस-८० मॉडेल वन या त्याच काळातल्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या मेमरीत आठऐवजी सातच चिप बसवल्या होत्या, पैसे वाचवायला, त्यामुळे इंग्रजीची स्मॉल अक्षरं दिसायचीच नाहीत. लोकांनी काय केलं, आधीच्या चिपच्या पाठीवर आणखी एक २१०२ चिप ठेवली, पाय पायांना सोल्डर केले, एकदोन पाय उचलून वेगळी तार दिली, झालं. ॲपल टूचं तर एकाच तारेचं मॉड, शिफ्टच्या बटणापासून गेम पॅडलच्या बटणाच्या इनपुटपर्यंत एक वायर ओढायची, म्हणजे शिफ्ट दाबलंय का हे लेखनाच्या सॉफ्टवेअरला कळायचं. ही मशीनं घेणाऱ्यांनी ती उघडली, तेव्हाच उघडली. ती तार काढली तर आपण त्या माणसाने मशीन कसं वापरलं तेच पुसतो. माझं मत, काकांची तार राहू द्या.

फेराइट
मी वादात पडत नाही, एकच कळकळीने सांगतो. मागच्या एज कनेक्टरला (बाहेरची उपकरणं जोडायची बोर्डाची कड) मशीन चालू असताना काहीही लावू नका, काढू नका. मी जॉयस्टिकचा इंटरफेस चालू मशीनला लावला, जरा तिरका गेला, आणि टीआर४ हा ट्रान्झिस्टर गेला. तो गेला की काय होतं ते नीट समजून घ्या. खालच्या १६के मेमरीच्या ४११६ चिपना तीन व्होल्टेज लागतात, +५, +१२ आणि -५. ७८०५ हा रेग्युलेटर फक्त +५ देतो. बाकीचे दोन, टीआर४, टीआर५ आणि एक कॉइल मिळून तयार करतात. -५ नसताना +१२ मिळत राहिला की ४११६ मरतात. माझ्या आठपैकी पाच मेल्या. मित्राकडून उसनं आणलेलं मशीन होतं ते. बदलून दिल्या सगळ्या, पण ते अजून मनातून जात नाही.

तार ताई, पॉवर दिल्यावर पहिलं काम, कुठल्याही ४११६ वर पिन १ ला -५, पिन ८ ला +१२, पिन ९ ला +५, ग्राउंड पिन १६. प्रोब घसरू देऊ नका, पिन ८ आणि ९ समोरासमोर असतात, एकाच टोकाला. -५ दिसला नाही तर त्याच क्षणी बंद.

तांब्याची_तार
दोन रविवार गेले, सविस्तर लिहिते.

अडॅप्टर काकांचाच निघाला, आत मायनस, रिकामा १२.६ व्होल्ट. कीबोर्डच्या रिबन (एक पाच पट्ट्यांची, एक आठ) बोर्डातून काढताना आठवालीचं टोक मोडलं, इतकं कडक झालेलं. मग कुठेतरी वाचलं होतं त्याप्रमाणे कात्रीने अगदी तीन मिलिमीटर सरळ कापून परत बसवलं, लांबी पुरली. एज कनेक्टर पांढऱ्या खोडरबरने पुसला, मग आयसोप्रोपिल.

पॉवर दिली. पिन १ ला -५.०, पिन ८ ला ११.९, पिन ९ ला ५.०. हात थरथरत होते. मग काकांचं आरसीए सॉकेट आमच्या टीव्हीच्या पिवळ्या इनपुटला लावलं आणि चित्र आलं. खाली © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. थोडं फिकं आणि कडेला हलतंय, पण आलं. मी आणि मुलगा दोघं ओरडलो.

पण खिळाकाका, एक अडलंय, मेमरी १६के इतकीच दिसतेय बहुतेक. ४८के चा गेम फोनवरून लोड केला तर मध्येच सगळं पुसून परत पहिली स्क्रीन.

जुना_खिळा
अभिनंदन! फिकं चित्र येतंय त्यासाठी तारेत मधे १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर घालून बघा, प्लस बाजू बोर्डाकडे. काही टीव्हींना सिग्नलबरोबर येणारा डीसी आवडत नाही.

मेमरीसाठी हे टाइप करा: प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३. प्रिंट पी बटणावर येतं, पीकसाठी दोन्ही शिफ्ट एकदम दाबून मग ओ. उत्तर ६५५३५ आलं तर ४८के, ३२७६७ आलं तर १६के. मशीन सुरू होताना रॉम (मशीनमधला कायमचा प्रोग्राम) सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरते आणि परत वाचून बघते, जिथे पहिल्यांदा चुकतं तिथे मेमरी संपली असं धरते. म्हणजे वरची ३२के मेमरी बिघडली तरी मशीन तक्रार न करता १६के म्हणून चालू होतं.

आणि त्या वरच्या मेमरीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आठ चिपवर ४५३२ असं काहीतरी असेल. ३२ किलोबिटच्या म्हणून विकलेल्या, पण मुळात त्या ६४ किलोबिटच्या. ज्यांचा अर्धा भाग खराब निघाला त्या फेकण्याऐवजी अर्ध्या क्षमतेच्या म्हणून स्वस्तात घेतल्या. कुठला अर्धा भाग चांगला आहे त्यावरून नंबरापुढे -३ किंवा -४ येतं आणि बोर्डावर त्याप्रमाणे एक जंपर तार लावावी लागते. आठही चिप एकाच प्रकारच्या लागतात. तो जंपर बघा, पण काकांच्या वेळी चालत होतं म्हणजे तो बरोबरच असणार. मला संशय सॉकेटवर आहे. चाळीस वर्षं गरम थंड होऊन चिप सॉकेटमधून हळूहळू वर सरकतात आणि पायांवर काळपट थर येतो. पॉवर काढा, बाराही चिप अलगद काढा, फोटो काढून ठेवा, पाय पुसा, परत बसवा. उजव्या डाव्या खुणा चुकवू नका.

आठबिट
आणि तेवढं झालं की ७८०५ काढून स्विचिंग रेग्युलेटर लावा. अडॅप्टर लोडवर १० व्होल्ट देत असेल आणि मशीन पाऊण अँपियर घेत असेल तर ७८०५ जवळजवळ पावणेचार वॉट नुसती उष्णता करतो, आणि ती बंद केसमध्ये, कीबोर्डच्या खाली. नाशिकच्या एप्रिलमध्ये बघा काय होतं. त्याच तीन पायांत बसतो, नको वाटलं तर परत ७८०५ लावता येतो. आणि एखादी ४५३२ मेलीच असेल तर सरळ ४१६४ लावा, तिचे दोन्ही अर्धे चांगले, जंपर कुठेही असो.

खालच्या बाजूलाही ४१६४ लावतात लोक, म्हणजे +१२ आणि -५ ची कटकटच नको.

चिमटा
रेग्युलेटर ठीक. खालच्या मेमरीला मात्र माझा ठाम विरोध. ४१६४ ला पिन ८ वर +५ लागतो, तिथे आता +१२ येतोय, पिन ९ वर पत्त्याची लाइन येते, तिथे आता +५ आहे. म्हणजे ट्रॅक कापणं किंवा भाग काढणं आलं. चालू असलेल्या आठ ४११६ कशाला उपटायच्या? मेल्या तेव्हा बघू.

लेस्टरकर, तुमच्या झुरळावर मी दोन दिवस विचार केला. कारखान्याच्या तारेला मी मूळ म्हणतो आणि काकांच्या तारेला हानी म्हणतो यात काहीतरी चुकतंय हे मान्य. तार राहू दे. पण ताई, कुठली तार कुणाची हे लिहून ठेवा, केसच्या आत कागद चिकटवा. तुमच्यानंतर जो उघडेल त्याला हा धागा सापडणार नाही.

पाटी_पेन्सिल
मी स्पेक्ट्रमवाली नाही, पण राहवलं नाही. १९८४ मध्ये सरकारने शाळांसाठी क्लास प्रकल्प सुरू केला तेव्हा आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले होते, आठवड्यातून एक तास, एका मशीनवर चौघी. पुढे मी एक जुना बीबीसी मॉडेल ए घेतला, त्यात १६के मेमरी, आठ चिप आणि बाकीच्या काही आयसी आणून घरी बी केला, रिकामे सॉकेट बोर्डावर आधीच होते, जणू बोलावत होते. कुणी बीबीसी काढला असेल तर त्याच्या पॉवर सप्लायमधले मेन्सला जोडलेले पारदर्शक पिवळट फिल्टर कपॅसिटर आधी बदला. त्यांच्या आवरणाला चिरा जातात, दमट हवा शिरते आणि चालू केल्यावर धुराचा लोट येतो. माझ्याकडे आला, स्वयंपाकघरापर्यंत वास. मशीनला मात्र काही झालं नाही. आणि हो, प्लग काढल्यावरही त्या सप्लायमध्ये लगेच हात घालू नका.

भारतातही डेसिबेल्सने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस काढला होता १९८८ च्या सुमाराला. कुणाकडे असेल तर कृपया उघडून बोर्डाचे फोटो टाका, मला फार बघायचाय.

तांब्याची_तार
आधी ३२७६७ आलं. बारा चिप काढल्या, पुसल्या, बसवल्या. परत ३२७६७. रडू यायचं बाकी होतं. मग मुलाने टॉर्च धरून आडवं बघितलं तर एका ७४एलएस१५७ चं एक टोक बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर वर. ते अंगठ्याने दाबलं, खट्ट आवाज आला. ६५५३५.

कपॅसिटर घातला, चित्र खूप सुधारलं. रेग्युलेटर लॅमिंग्टन रोडवरून भाऊ आणतोय. लाल बटण चालतं. कागद लिहिला, कोळी कारखान्याचा, तार बटण आणि बारा चिप काकांच्या, कपॅसिटर माझा, तारखेसकट, आणि तळाच्या झाकणाला आतून लावला. चिमटा, तुमचे खास आभार.

आता शेवटचं. त्याच खोक्यात एक कॅसेट आहे, काकांच्या अक्षरात 'मुलांसाठी'. बाजू अ लोड झाली. कडेला लाल निळसर पट्टे, मग निळे पिवळे, आणि मग पाढे! २ ते ३० पाढे विचारणारा प्रोग्राम, चुकलं की बीप. मी हा १९८६ ला खेळलेय, पूर्ण विसरले होते. बाजू ब मात्र दर वेळी टेप लोडिंग एरर. दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड झाली असेल का? हेडचा छोटा स्क्रू फिरवून बघतात असं वाचलं, फिरवू का?

जुना_खिळा
फिरवा, पण थांबा, आत्ता नाही. आधी बाजू अ आणि ब दोन्ही आहे तशा लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवा, कॅसेट किती वेळा चालेल सांगता येत नाही. मग स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढा म्हणजे परत जागेवर आणता येईल. बाजू ब लावा, फोनवर नाही, कानाने ऐका, सुरुवातीचा लांब सूर जिथे सगळ्यात तीक्ष्ण वाटेल तिथे थांबा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त लागणार नाही. तिथे बाजू ब परत रेकॉर्ड करा आणि रेघ जुळवून स्क्रू मागे आणा. काय निघालं ते इथे कळवा.